वरचं एक लोखंडाचं

नागपूरच्या एका शेठने मला फसवलं आणि मी कुरखेड्याकडच्या सिंधूबाईला फसवलं. शेठने जाणून फसवलं, मी न जाणता. फरक एवढाच आहे, पण तो सिंधूबाईला पटवून द्यायला मला अख्खा उन्हाळा लागला. शेठचं नाव इथे लिहीत नाही. वाचल्यावर त्याचं त्याला कळेल, आणि वाद्यांच्या धंद्यातल्या बाकीच्यांना आत्ताच कळलं असेल.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावचा. सातवीत शाळा सुटली आणि सायकलला ढोलकीच्या चामड्याच्या पुड्या बांधून बाजार करायला लागलो. धंदा मला कोणी शिकवला नाही. एक फुटकी पेटी भंगारात घेतली, खोलली, पुन्हा लावली. वाजेना. पुन्हा खोलली. चौथ्या वेळी वाजली. आज माझं वाद्यांचं दुकान आहे, तरी मी दुकानात कमी आणि गावोगावी जास्त असतो. भाव करण्यात चंद्रपूर-गडचिरोलीत माझा हात धरणारा कोणी नाही असं लोक म्हणतात, आणि मी त्यांना अडवत नाही. माझा राग नाकावर असतो असंही म्हणतात. तेही खरं आहे.

संपादकांनी वाद्यांच्या धंद्यातले अनुभव मागितले. वाद्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे वाद्याच्या पुढ्यात मुकाट उभ्या राहणाऱ्या तिपाईवर. तीन पाय, एक नळी, वर एक पाटी. दुकानात तिला म्युझिक स्टँड म्हणतात, आमच्याकडे नुसतं स्टँड. मिटलं की काखेत बसतं, उघडलं की त्यावर गाण्याची वही ठेवायची. बस, एवढंच काम. पण एवढं काम नीट करणारं स्टँड शोधण्यात माझी अब्रू जाता जाता राहिली.

आधी एक गोष्ट समजून घ्या. ही स्टँडं ज्यांच्यासाठी बनतात त्यांच्यापुढे चार सुटे कागद असतात. आमच्या गायकांपुढे कागद नसतात, वही असते. दोनशे पानांच्या तीन वह्या एकत्र शिवायच्या, वरून खताच्या पोत्याचं कव्हर घालायचं, की झाली मंडळाची वही. मी एकदा किराण्याच्या काट्यावर ठेवून पाहिली. दीड किलोला थोडी कमी भरली. एवढं ओझं डोक्यावर घेऊन उभं राहायचं, आणि तेही शेणाने सारवलेल्या उंचसखल अंगणात. शिवाय प्रवास. एसटीच्या सीटखाली, मोटारसायकलच्या कॅरिअरवर, कधी धानाच्या पोत्यांवर बसून ट्रॅक्टरमध्ये. त्यामुळे जो तो दुकानात आला की आधी म्हणतो, "भाऊ, हलकं दाखव."

हलक्याचं काय होतं ते मला मोहर्लीत कळलं. तिथल्या एका रिसॉर्टवर सकाळी पाहुण्यांच्या नाश्त्याला बासरी वाजवणारा एक जण होता. त्याने माझ्याकडून सगळ्यात हलकं स्टँड नेलं, तारांची पाटी असलेलं. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्याने पाटीवर केळं ठेवलं. झाडावर वानर होतं. वानराने केळं घेतलं, पाटीच्या तारा हातात अडकल्या आणि स्टँड वर गेलं. जंगलात वाघ पाहायला आलेल्या पाहुण्यांनी वाघापेक्षा त्या वानराचे फोटो जास्त काढले म्हणे. बासरीवाला भांडायला आला. मी म्हटलं, "वानरानं उचललं, मी नाई. वानराले नेता येत नाई असं पायजे असन त वजन वाढवा." बोललो खरा, पण त्या दिवसापासून तारांची पाटी ठेवणं बंद केलं. पत्र्याचीच ठेवतो.

मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातून एकदा कीर्तनाची मंडळी आली. सहा स्टँडं पाहिजेत म्हणाली. मी विचारलं, बसून गाता की उभ्याने? त्यांचा म्होरक्या हसला, "नाचत गातो." पेटी गळ्यात, खोळ नावाचा त्यांचा मृदंग गळ्यात, आणि सगळी मंडळी फेर धरणार. मी म्हटलं, तुमच्यापुढे स्टँड ठेवलं तर पहिल्या फेऱ्यात कोणाचा तरी पाय मोडेल. तुम्हाला स्टँड नको, पेटीला रुंद पट्टा पाहिजे. सहा स्टँडांचं गिऱ्हाईक मी दोन पट्ट्यांवर परत पाठवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची गोष्ट वाचून तुम्ही मला लबाड म्हणाल.

नागपूरच्या शेठकडे मी एक नमुना पाहिला. पत्र्याची पाटी, जाड नळी, आणि तिन्ही पाय जिथे येऊन मिळतात ते मधलं कडं ओतीव लोखंडाचं. स्टँडचा जीव त्या कड्यात असतो. ते ढिलं पडलं की पाय फाकतात आणि स्टँड बसतं. मी ते कडं वाजवून पाहिलं, दाताने चावायचं तेवढं राहिलं. मग भाव सुरू झाला. मी दोनदा रस्त्यापर्यंत निघून गेलो, दोनदा शेठने हाक मारली. तीन चहा झाले. शेवटी त्याने कपाळाला हात लावला. "ले जाओ, श्रावणभाऊ. तुमने तो मुझे लूट लिया."

मी बसमध्ये मूलपर्यंत एकटाच हसत होतो.

माल आला. दोन खोके, सहा-सहा स्टँडांचे. मी एक खोका उघडला, वरचं स्टँड काढलं, कडं वाजवलं. लोखंड. तेच स्टँड दाखवायला म्हणून दुकानाच्या दारात उभं केलं, गावोगावीही तेच घेऊन फिरलो. गिऱ्हाइकाला हे दाखवायचं आणि खोक्यातलं बंद पिशवीतलं द्यायचं. मूलच्या बाजारात आंब्याची टोपली घेताना मी तळापर्यंत हात घालतो. बायकोला, मुलींना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना सांगत असतो की वरचा आंबा विकणाऱ्याचा असतो आणि खालचा आपला. पण भाव जिंकल्याच्या आनंदात मी स्वतःच खोक्यात हात घातला नाही.

आता सिंधूबाई. कुरखेड्याजवळच्या एका खेड्यात पाच बायांचं प्रबोधनाचं मंडळ आहे, त्याची ती मुख्य गायिका. पाचही जणी धानाच्या रोवणीला, कापणीला जाणाऱ्या. जयंतीच्या दिवसांत गावोगावी त्यांना बोलावणी असतात. तिचा नवरा गाणी लिहायचा. तो वारला, वही राहिली. त्या वहीतलं एक गाणं फार लांब आहे. तिची सासू आणि गावातल्या बाया दीक्षेसाठी नागपूरला चालत निघाल्या, त्याची ती कथा. जंगलाची वाट, अंगावरची लेकरं, पदरात बांधलेल्या भाकरी, मग वैनगंगा, एका ढिवर नावाड्याने त्यांना डोंग्यातून पैलतीरी नेणं, आणि शेवटी नागपूर. गाणं तिला पाठ असावं असं मला वाटायचं. एकदा विचारलंही. ती म्हणाली, "पाठ हाय. पन त्याचं अक्षर पायल्याबिगर आवाज निंगत नाई."

माझ्याशी भाव न करणारी ती एकटीच. स्टँड दाखवलं तर तिने किंमत विचारली नाही. वहीकडे पाहिलं, स्टँडकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पडन का?"

"माह्या जबाबदारीवर घ्या, बाई. हे पडलं त समजा मी पडलो."

एप्रिलमध्ये त्यांच्याच भागात दुय्यम सामना होता. दुय्यम म्हणजे दोन मंडळं समोरासमोर बसतात, एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. समोर आरमोरीकडचा एक गवई होता, मिशा पिळलेला, जिभेला धार असलेला. सकाळी अकराची वेळ. मांडवाचं कापड कमी पडलं आणि सिंधूबाईचं मंडळ अर्धं उन्हात बसलं. मी पहिल्या रांगेत. खरं सांगतो, माझ्या स्टँडचं कौतुक ऐकायला गेलो होतो.

तिने ते लांब गाणं लावलं. लोक पुढे सरकले. जंगल संपलं, नदी आली, बाया डोंग्यात बसल्या. डोंगा मध्यावर आला आणि मला दिसलं की स्टँडचा एक पाय हळूहळू बाहेर सरकतोय. धाडकन पडलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हशीसारखं सावकाश बसलं. वही घसरली, शिवण उसवली आणि पानं मांडवाबाहेर उडाली. गाणं थांबलं.

आरमोरीच्या गवयाने माइक ओढला. "बाई, तुमचं स्टँड दमलं वाटते! त्याले पानी पाजा, सावलीत बसवा!"

सगळा मांडव हसला. मी पानांच्या मागे बाभळीपर्यंत धावलो. काटे लागले तरी एकही पान सोडलं नाही. परत आलो तर सिंधूबाई तिथेच बसलेली. पानं माझ्या हातातून घेतली, एकेक पुसलं, लावलं. मग हळूच म्हणाली, "माह्या सासूले तू नदीच्या मधात ठेवलं नं, श्रावणभाऊ. डोंग्यात."

"बाई, ऐका..."

"काय आयकू? तू दाखवलं ते येगळं होतं, देल्लं ते येगळं हाय. हात लावून पाय."

मी हात लावला. मधलं कडं लोखंडाचं नव्हतं. काळा रंग दिलेलं प्लास्टिक, आणि आमच्या एप्रिलच्या उन्हात ते मेणासारखं नरमलं होतं.

मूलला आलो आणि दुसरा, अजून न उघडलेला खोका फाडला. वरचं एक लोखंडाचं. खालची पाच प्लास्टिकची. पहिल्या खोक्यात उरलेलं सगळं प्लास्टिक. मी दोन्ही खोक्यांना लाथा घातल्या. बायको म्हणाली, "खोक्याले कायले मारता? खोक्यानं काय केलं?" ज्यांना ज्यांना स्टँडं दिली होती त्यांच्याकडे जाऊन मी ती परत आणली. कोणी हसलं, कोणी चहा पाजला. एकाने विचारलं, "काऊन भाऊ, आता तुमीही वरचा आंबा दाखवून राह्यले का?" मी त्याचंही स्टँड काखेत घेतलं आणि निघालो. आयुष्यात पहिल्यांदा भांडणाचा मोका असून मी भांडलो नाही.

शेठला फोन केला. तो म्हणाला, "जैसा भाव, वैसा माल, भाऊ." हे वाक्य मला अजून टोचतं, कारण त्यात थोडं खरं आहे. मी भाव इतका दाबला की लोखंड परवडत नव्हतं. मान्य. पण मग तोंडाने सांगायचं होतं की एवढ्यात प्लास्टिक मिळेल. मी नाही म्हणालो असतो, किंवा भाव वाढवला असता. भाव करणारा माणूस दोन्ही कान उघडे ठेवून बसलेला असतो. त्याला सांगता येतं.

सिंधूबाईच्या घरी गेलो तेव्हा ती अंगणात वाळलेली मोहफुलं गोळा करत होती. मी सगळं सांगितलं. ती फुलं टोपलीत भरत राहिली. मी म्हटलं, "मी नागपूरले जाऊन राह्यलो. बदलून आनतो."

"मी येतो संग," ती म्हणाली.

"तुमी कायले एवढ्या उन्हात?"

"वही घेऊन येतो. नाई त तू अन् तुहा शेठ मिळून मले अजून वरचंच दाखवसान."

मे महिन्यातली दुपार. मी दोन्ही खोके घेऊन मूलहून गेलो, ती कुरखेड्याहून आली. दुकानात गर्दी होती. दोन बँडवाले, एक तबलजी, शाळेसाठी ढोल घ्यायला आलेले एक मास्तर. शेठने मला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. "आओ, आओ, श्रावणभाऊ. पहले पानी पिओ."

"पानी नंतर. आधी हे पाहा."

त्याने प्लास्टिकचं कडं चष्म्यावरून पाहिलं. "इसमें क्या खराबी है? मजबूत माल है. नवीन टेक्निक आहे."

माझं डोकं फिरलं. मी स्टँड उचललं, काउंटरच्या काचेवर आपटणार, तेवढ्यात सिंधूबाईने मनगट धरलं. शेतात राबणाऱ्या बाईची पकड आहे ती.

"तोडू नोको. तोडलं त हा शेठ म्हनन का तूच तोडलं. उन्हात ठेव."

हा विचार माझा असता तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं. तो तिचा होता. आम्ही दुकानासमोरच्या फुटपाथवर दोन स्टँडं मांडली. एक लोखंडाचं, एक प्लास्टिकचं. लोखंडाच्या स्टँडवर तिने आपली वही ठेवली. दुसऱ्यावर ठेवायला मी हात पुढे केला, तर ती म्हणाली, "माही वही त्याच्यावर नाई. शेठची ठेवा." शेठच्या काउंटरवर दरपत्रकांची जाडजूड फाईल होती. मास्तरांनीच ती आणून ठेवली. मास्तरांना मजा वाटू लागली होती.

शेठ म्हणाला, "भाऊ, अंदर बैठ के बात करते हैं."

"बाहेरच बरं हाय. आत कूलर हाय, आमच्या मांडवात नसते," मी म्हटलं.

थोडा वेळ काही झालं नाही. शेठ हसला. बँडवाल्यांनी पैज लावली. पानठेल्यावरचे लोक आले, एक ऑटो थांबला. मी प्लास्टिकच्या कड्यावर डोळे लावून उभा राहिलो. मग पाय सरकला. एक बोट, दोन बोटं. आमच्या मांडवात बसलं होतं तसंच ते सावकाश बसलं, आणि शेठची फाईल रस्त्यावर जाऊन पडली. ऑटोवाला ओरडला, "शेठ, तुमचे भाव गिरले!"

सगळे हसले. एप्रिलमधलं ते हसणं अजून माझ्या कानात होतं. ते त्या दिवशी निघून गेलं.

शेठने नोकराला हाक मारली आणि लोखंडी माल काढायला सांगितला. मी खूष झालो. सिंधूबाई झाली नाही. ती फुटपाथवर त्या चांगल्या स्टँडपुढे मांडी घालून बसली, वर पाहिलं आणि म्हणाली, "मान दुखते."

आणि माझ्या लक्षात आलं की मी इतके दिवस हे स्टँड उभ्याने दाखवत आलो. उभ्यानेच विकलं. ते उभ्या माणसाचं आहे, खाली केलं तरी छातीच्या वर राहतं. आमची मंडळं बसून गातात. कुरखेड्यात ती मान वर करूनच गात होती आणि मला ते दिसलं नव्हतं. हा दोष शेठचा नाही, माझा आहे. त्याच्यावर ढकलायचा मोह झाला होता, म्हणून लिहून टाकतो.

ती उठली आणि थेट दुकानात शिरली. कोपऱ्यात धूळ खात पडलेली बुटकी स्टँडं होती, लहान मुलांच्या शाळेसाठी मागवलेली आणि न खपलेली. जड पाय, लोखंडी कडं, खाली वही अडवणारा ओठ असलेली रुंद पाटी. तिने एक उचललं, उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पदराने हात पुसून आवळायचा स्क्रू फिरवून पाहिला. मग फुटपाथवर मांडलं, पुढे बसली, वही ठेवली आणि वहीकडे न पाहता डाव्या हाताने पान उलटून पाहिलं. स्टँड हललं नाही.

"हे पायजे."

"घ्या नं बाई. पक्कं पाहून घ्या," मी म्हटलं.

"पायतोच हावो," ती म्हणाली, आणि तिने आवाज लावला.

पहिल्यापासून नाही. डोंगा जिथे थांबला होता तिथून. नागपूरच्या भर रस्त्यावर, पेटी नाही, ढोलकी नाही. तबलजीने दुकानातली एक ढोलकी ओढून घेतली आणि दुसऱ्या कडव्यापासून साथ धरली. डोंगा काठाला लागला. बाया उतरल्या, ओले पदर पिळले, पुन्हा चालू लागल्या. तिचा आवाज मी वीस वर्षं ऐकतो आहे, पण असा ऐकला नव्हता. शेवटच्या कडव्यात त्या बाया नागपुरात पोचतात, आणि आम्ही नागपुरातच बसलो होतो. मास्तरांनी चष्मा काढला. ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं. गाणं संपल्यावर तिने वही मिटली, कपाळाला लावली आणि मला म्हणाली, "पोचली माही सासू. घे आता तुहा सौदा करून."

सौदा मी केला. बाराच्या बारा परत, बदल्यात बारा बुटकी, वर एक पैसा देणार नाही. शेठने एरवी तासभर ताणलं असतं. पण समोर चाळीस माणसं उभी होती आणि त्यातली निम्मी त्याची गिऱ्हाइकं होती. मी एकेक स्टँड उघडून, कडं वाजवून, पाय फाकवून पाहिलं. बाराही, तळापर्यंत.

आज त्या स्टँडांना आमच्या भागात सिंधूबाईचं स्टँड म्हणतात. माझं नाव कोणी घेत नाही, आणि पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटत नाही. तो आरमोरीचा गवईही आला होता. मिशी पिळून म्हणाला, "ते बाईचं दाखवा." मी पिशवी सोडून, उघडून, त्याच्या हातात देऊन दाखवलं. भाव मात्र एक रुपया सोडला नाही. "याले पानी पाजा लागत नाई," एवढं सांगितलं.

आता राहिला शेठ. निघताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "गोडाऊनवाले की मिस्टेक थी, भाऊ. मन पे मत लो." माल बदलून मिळाला, पण मन बदललं नाही, म्हणून हे लिहितो आहे. शेठ, चूक आंधळी असते. ती खोक्यात कुठेही पडते, वर पडते, मधे पडते, तळाला पडते. तुमची चूक दोन्ही खोक्यांत नेमकी लोखंडाचं एकेक घेऊन वर आली आणि खाली पाच-पाच प्लास्टिकची झाकून बसली. अशी चूक गोडाऊनवाल्याला सुचत नाही. ती भाव ऐकून कपाळाला हात लावणाऱ्याला सुचते.

माझ्यापुरतं मी सोडलं असतं. पण मांडवात हसू झालं ते माझं नाही, एका बाईचं. नवऱ्याचं अक्षर काट्यांत उडालं ते तिचं. तेव्हा उत्तरही मला नको. कुरखेड्याची बस तुम्हाला माहीत नसेल तर मी बसवून देतो. तिच्या अंगणात बसा, ती चहा देईल, आणि तिच्या तोंडाकडे पाहून एवढंच सांगा: वरचं एक लोखंडाचं कोणी ठेवलं?